कीबोर्डवरचा हाताचा सेन्सर: नवशिक्यांसाठी पायरीपायरीनं

काही कीबोर्डांच्या पॅनेलवर, बहुधा डाव्या टोकाला, काळसर काचेची एक छोटी खिडकी असते. तिच्यावर हवेत हात वरखाली केला की आवाज बदलतो. रोलंड या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीनं याला डी-बीम हे नाव दिलं. इंटरॅक्टिव्ह लाइट या कंपनीकडून घेतलेलं हे तंत्र १९९८ च्या एमसी-५०५ या मॉडेलपासून त्यांच्या वाद्यांत दिसू लागलं.

नवीन वादक बटण दाबून हात फिरवतो, तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर काहीच होत नाही, किंवा हात काढताक्षणी आवाज गायब होतो. या दोन्हींची कारणं साधी आहेत. काहीच न होण्यामागे उजेड आणि अंतर असतं. आवाज जाण्यामागे असते न ठरवलेली एक गोष्ट: खिडकीवर हात नसताना वाद्यानं काय वाजवायचं? या लेखात सगळ्यात जास्त जागा या दोन मुद्द्यांना दिली आहे.

१. हे चालतं कसं

खिडकीमागे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकणारा दिवा आणि तो टिपणारा सेन्सर असतो. तुमच्या तळव्यावरून परत आलेला प्रकाश जितका जास्त, तितका हात जवळ आहे असं वाद्य धरून चालतं. म्हणजे ते खरं अंतर मोजत नाही, परतलेला उजेड मोजतं. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप सुटतात. आडवा तळवा आणि उभा तळवा एकाच उंचीवर धरले तरी परिणाम वेगळा येतो, कारण उभ्या हाताची फक्त कड प्रकाश परत पाठवते. घड्याळ, कडं किंवा चमकदार बांगडी मध्ये आली तर आवाज उडी मारतो. लांब काळ्या बाहीनंही फरक पडतो.

थेरेमिनशी याची गल्लत करू नका. १९२० च्या सुमारास रशियात तयार झालेल्या त्या वाद्यात प्रकाशाचा संबंध नाही. तिथे हात आणि अँटेना यांच्यातली विद्युत धारिता बदलते. त्यामुळे थेरेमिनचे धडे बघून डी-बीमवर बोटं थरथरवून काही साधत नाही. इथे तळवा सपाट ठेवायचा आणि मनगट न वळवता कोपरातून उचलायचा.

२. वाद्य घेताना काय तपासायचं

सेन्सर असलेली बरीच वाद्यं आता दुकानात नवी मिळत नाहीत, जुनीच घ्यावी लागतात. फँटम-एक्स आणि जुनो-डी २००४ चे, जुनो-जी २००६ चा, खांद्याला अडकवायचा एएक्स-सिंथ २००९ चा आणि गाया एसएच-०१ हा २०१० चा. हँडसोनिक या हातानं वाजवायच्या तालवाद्यातही डी-बीम आहे. वाद्यवृंदात ते असेल तर सेन्सरचा सराव त्याच्यावरही होतो.

नावावर जाऊ नका. २०२४ मध्ये जुनो-डी हेच नाव घेऊन नवी मालिका आली, पण ते वेगळं वाद्य आहे. जाहिरातीत नुसतं 'जुनो-डी' लिहिलं असेल तर पॅनेलचा फोटो मागवा आणि त्यात काळी खिडकी शोधा.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्या घरी वाद्य बघायला जाल तेव्हा एवढं करा. खिडकीवर ओरखडे किंवा चिकटपट्टीचे डाग आहेत का, ते मोबाईलच्या टॉर्चनं तिरकं बघा. मग टॉर्च बंद करून पडदे ओढायला सांगा. डी-बीमची जितकी बटणं असतील तितकी एकेक लावून हात खाली-वर करा. आवाज सलग बदलला पाहिजे, पायऱ्यापायऱ्यांनी नाही. शेवटी हात पूर्ण बाजूला घ्या आणि आवाज मूळ जागी येतो का ते ऐका. हात नसतानाही आवाज डळमळत असेल तर आधी सेन्सिटिव्हिटी कमी करून बघा. तरीही थांबला नाही तर सेन्सर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. बिल, अडॅप्टर आणि मूळ पेटी असेल तर मागून घ्या. मॅन्युअल मात्र बहुतेक मॉडेलचं कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं.

३. जवळ काय असू द्यावं

मॅन्युअलची प्रत (डी-बीमची पानं छापून घ्या, स्टेजवर मोबाईल चाळत बसणं जमत नाही), शिवणकामाची टेप किंवा फूटपट्टी, मऊ कोरडा सुती रुमाल, हेडफोन, वही-पेन आणि कुठल्याही मोबाईलवरचा मेट्रोनोम. वाद्य पेनड्राइव्ह किंवा कार्ड घेत असेल तर बॅकअपसाठी तेही. खिडकी स्पिरिटनं पुसू नका, प्लास्टिक पांढुरकं पडतं.

४. घरी पहिली मोजणी

वाद्य खोलीच्या खिडकीपासून दूर, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीकडे ठेवा. स्ट्रिंग्जचा एक लांब सूर निवडा आणि डी-बीमचं 'असाइनेबल' (हवा तो परिणाम नेमून देता येणारं) बटण लावा. टेप खिडकीच्या बाजूला उभी धरा आणि तळवा दोन फुटांवरून हळूहळू खाली आणा. ज्या उंचीवर आवाज पहिल्यांदा हलतो तो आकडा वहीत लिहा. ज्या उंचीखाली आवाज बदलायचं थांबतं तोही लिहा. या दोन आकड्यांच्या मधली जागा हे तुमचं खरं वाद्य.

ही जागा एका वितीपेक्षा कमी निघाली तर सिस्टिम मेन्यूत जाऊन डी-बीमची सेन्सिटिव्हिटी वाढवा. आकडा वाढला की सेन्सर लांबूनही हात पकडतो, पण फार वाढवला तर कीबोर्डवर वाकलेल्या माणसाचा शर्टही पकडतो. त्यामुळे एका वेळी थोडंच वाढवा आणि पुन्हा मोजा. बदल करून झाला की 'राइट' करायला, म्हणजे साठवायला, विसरू नका. नुसता मेन्यूतून बाहेर पडून वाद्य बंद केलं तर केलेलं सगळं पुसलं जातं. सेन्सिटिव्हिटी बहुधा सिस्टिममध्ये साठते आणि सेन्सरला काय नेमून दिलं ते पॅच (वाद्यात साठवलेला एक आवाज) किंवा परफॉर्मन्समध्ये (अनेक पॅचची एकत्र मांडणी). मॉडेलनुसार जागा बदलते, म्हणून दोन्हीकडे राइट करा.

५. हात नसताना काय वाजेल, ते आधी ठरवा

असाइनेबलच्या मेन्यूत तीन गोष्टी ठरवायच्या असतात: कोणता परिणाम, रेंज मिन आणि रेंज मॅक्स. हात नसताना मिन लागू असतं आणि हात अगदी जवळ आला की मॅक्स. म्हणून मिनच्या जागी गाण्याचा नेहमीचा आवाज बसला पाहिजे. गाण्याचा जवळजवळ सगळा वेळ हात तिथे नसतोच.

आवाजाचा चढउतार, म्हणजे एक्स्प्रेशन, सीसी ११ (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज: वाद्यं एकमेकांशी ज्या मिडी भाषेत बोलतात तिच्यात प्रत्येक परिणामाला असा क्रमांक असतो). इथे सगळे अडकतात. मिन ० आणि मॅक्स १२७ ठेवलं की हात काढताच वाद्य मुकं होतं, आणि गायक मागे वळून बघतो. उलटं करा: मिन १२७, मॅक्स ४०. मॅक्सचा आकडा मिनपेक्षा कमी ठेवला की दिशा उलटते. आता हात नसताना पूर्ण आवाज, आणि तळवा खाली आणला की स्ट्रिंग्ज मागे सरकतात. ध्रुवपदाआधी हात हळूहळू वर उचलला की आवाज भरत येतो, आणि हात निघून गेला तरी काही बिघडत नाही.

आवाजाचा उजळपणा, म्हणजे फिल्टर कटऑफ, सीसी ७४. जीएम२ (जनरल मिडी २) या ठरलेल्या पद्धतीनं चालणाऱ्या वाद्यांत इथे ६४ म्हणजे 'मूळ आवाज, बदल नाही'. म्हणून मिन ६४, मॅक्स ११० घ्या. मिन ० ठेवलं तर आवाज कायमचा गोधडीतून आल्यासारखा होतो, आणि नवीन वादक पॅचच खराब आहे असं समजून पॅच बदलत बसतो. रेझोनन्स (कटऑफच्या आसपासचा आवाज उठवणारा परिणाम), सीसी ७१, यालाही ६४ चाच नियम. पण त्याला मॅक्स ८५ च्या वर नेऊ नका, मोठ्या स्पीकरवर शिट्टी कानात घुसते.

मॉड्युलेशन, सीसी १. मिन ०, मॅक्स ५० ते ६०. शहनाई किंवा बासरीच्या पॅचला १२७ पर्यंतचा कंप दिला तर सूर बकरीसारखा थरथरतो.

मींड, म्हणजे बेंडर अप. आपल्या गाण्यांसाठी सेन्सरचा सगळ्यात सुंदर उपयोग हाच, आणि सगळ्यात अवघडही. पॅचमध्ये जाऊन बेंड रेंज २ सेमीटोन करा. शुद्ध मध्यमाची पट्टी धरून तळवा खाली आणला की सूर पंचमावर जाऊन थांबतो. हात आणखी खाली नेला तरी सूर पुढे जात नाही, म्हणून वरचा सूर आपोआप सुरात लागतो. ग ते म हवं असेल तर रेंज १ करा, कारण मधल्या उंचीवर हात स्थिर ठेवून अर्धा सूर नेमका पकडणं सुरुवातीला जमत नाही. सा काळी एकचा असो वा पांढरी चारचा, स्केल बदललं तरी हा हिशेब बदलत नाही. अंतर सेमीटोनांत मोजलेलं असतं.

सोलो सिंथ या बटणात पट्ट्यांची गरजच नसते, हाताची उंचीच सूर ठरवते. ऐकायला मजा येते, पण नेमका सूर लावायला ते नवशिक्याचं काम नाही. वापरायचंच असेल तर सप्तकांची रेंज सगळ्यात लहान ठेवा आणि गाण्याच्या आधीच्या धूसर आवाजांपुरतंच वापरा.

पॅन, सीसी १०, यावर वेळ घालवू नका. मंडपातला साउंड बहुतेक वेळा मोनो असतो, डावीकडून उजवीकडे फिरणारा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. आणि स्टार्ट-स्टॉप कधीच सेन्सरला देऊ नका. पाण्याची बाटली उचलायला कुणी वाकलं तरी ऱ्हिदम सुरू होईल.

६. डावा हात मोकळा कधी असतो?

खिडकी डावीकडे, आणि डावा हात कॉर्डमध्ये अडकलेला. स्टाइल (वाद्यातली आपोआप वाजणारी साथ) लावून वाजवणाऱ्यांची ही खरी अडचण आहे. त्यामुळे गाणं निवडतानाच जागा शोधा. कॉर्ड सुटला तरी स्टाइल चालू राहते, अशी कॉर्ड होल्डची सोय असेल तर ती लावा. मग एका कॉर्डवर चार मात्रा किंवा जास्त थांबणारी प्रत्येक जागा तुमची आहे. अंतरा संपून मुखड्यावर यायच्या आधीचा लांब सूर, म्युझिक पीसमधली बासरी आणि शेवटच्या ओळीनंतर विरत जाणारे स्ट्रिंग्ज, या तीन जागा जवळजवळ प्रत्येक गाण्यात सापडतात.

आगरी-कोळी हळदीच्या कार्यक्रमात गोष्ट वेगळी. बेंजो आणि कीबोर्ड सलग धावत असतात आणि कॉर्ड फार बदलत नाहीत. तिथे कीबोर्डवाल्याचा डावा हात बऱ्याचदा रिकामाच असतो. बेंजोचा तुकडा संपून कीबोर्डचा सुरू होतो त्या एका आवर्तनात फिल्टर उघडत नेला तर ठेका न बदलता रंग चढतो. पण एका गाण्यात एकदाच. दर ओळीला केलं की तिसऱ्या ओळीपासून ते कुणी ऐकत नाही.

७. सराव

मेट्रोनोम ६० वर लावा. एक सूर धरा, आठ मात्रांत तळवा वरून खाली आणि पुढच्या आठ मात्रांत परत वर. हात सगळीकडे सारख्या वेगानं गेला पाहिजे. सुरुवातीला खाली येताना तो घाई करतोच. हे नीट जमलं की केरव्याच्या आठ मात्रांत तेच करा, पण समेवर हात नेमका खाली पोचेल असं. मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. हात फिरवण्याच्या नादात उजव्या हाताचा ताल किती ढिला झाला, ते वाजवताना कळत नाही.

मींडेसाठी तंबोऱ्याचं अॅप लावा आणि फक्त म-प, म-प करा. दहा मिनिटं पुरेत. सूर पोचल्यावर हात तिथेच थांबवून दोन मात्रा ऐका, मगच काढा.

८. उजेड: घरी चालतं, स्टेजवर का चालत नाही

सूर्यप्रकाशात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. थेट उन्हात डी-बीमचा पल्ला इतका आखडतो की हात खिडकीला जवळजवळ टेकवावा लागतो. संध्याकाळी साडेपाचला ऐरोलीच्या मैदानावर साउंड चेक केला आणि तेव्हा सेन्सर चालला नाही, म्हणून सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली, तर अंधार पडल्यावर तोच सेन्सर माइकच्या दांड्यालाही हात समजेल. म्हणून उघड्या जागी शेवटची मोजणी दिवे लागल्यावरच करा.

हॅलोजन आणि स्टेजवरचे जुने पिवळे पार दिवे बरीचशी ऊर्जा अवरक्त रूपातच फेकतात, एलईडी दिवे जवळजवळ नाही. त्यामुळे एलईडीचा स्टेज तुमच्यासाठी सोपा. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह असं ठिकाण असेल तर प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच विचारा: कीबोर्डच्या जागेवर डोक्यावरून कोणता दिवा येतो आणि तो कधी लागतो? दिवा हलवता येत नसेल तर वाद्य फूटभर मागे किंवा तिरकं ठेवलं तरी फरक पडतो. प्रत्येक प्रमुख प्रकाशात सेन्सर तपासा, नुसत्या कामाच्या उजेडात नाही.

उजेडाखेरीज आणखी तीन गोष्टी घात करतात. एक, गाण्याचे कागद ठेवलेला स्टँड. पंख्यानं उडालेला कागद खिडकीवर आला की सेन्सर त्यालाच हात समजतो. कागदाला चिमटे लावा आणि स्टँड उजवीकडे सरकवा. दोन, हळद, गुलाल आणि भंडारा. ही पूड खिडकीवर बसली की सेन्सर आंधळा होतो. वाजवत नसाल तेव्हा रुमाल झाकून ठेवा, आणि पुसायच्या आधी फुंकर मारा, नाहीतर ओरखडे पडतात. तीन, पावसाळा. वातानुकूलित सभागृहातून दमट हवेत काढलेल्या वाद्यावर वाफ धरते. पिशवीतच अर्धा तास ठेवून मग उघडा.

९. तुमच्या कीबोर्डला सेन्सर नसेल तर

नवा कीबोर्ड घेण्याआधी हे करून बघा. अंतर मोजणारा छोटा सेन्सर आणि आर्डुइनो (घरी प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक) बोर्ड यांतून मिडीचे संदेश पाठवता येतात. सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. ठाण्याहून जाणार असाल तर दादरला गाडी बदला.

लागणारे भाग: प्रो मायक्रो बोर्ड (एटीमेगा३२यू४ चिपचा, ५ व्होल्टवाला), व्हीएल५३एल०एक्स सेन्सर, २२० ओहमचे २ रेझिस्टर, पाच पिनांचा मिडी सॉकेट आणि चार-सहा वायरी. उनो बोर्ड घेऊ नका, तो संगणकाला किंवा मोबाईलला थेट मिडी वाद्य म्हणून दिसत नाही. स्वस्तातला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सरही चालतो. पण दोन मोजण्यांत सुमारे ६० मिलिसेकंद सोडावे लागतात, त्यामुळे फिल्टर पायऱ्यापायऱ्यांनी उघडतो. व्हीएल५३एल०एक्स साधारण ३३ मिलिसेकंदांत एक मोजणी देतो. शिवाय तो प्रकाश परत यायला लागलेला वेळ मोजतो, परतलेला उजेड किती ते नाही. म्हणून हात गोरा की काळा, बाही कोणती, याचा त्याच्यावर फार परिणाम होत नाही. ऊन मात्र यालाही सोसत नाही.

जोडणी: सेन्सरची एसडीए पिन बोर्डच्या २ क्रमांकाच्या पिनला, एससीएल ३ ला. सेन्सरच्या डोळ्यावर बारीक संरक्षक फिल्म असते, ती काढा. ती न काढल्यामुळे चांगला सेन्सर खराब ठरवून परत केला जातो. मिडी सॉकेटची पिन ४ एका रेझिस्टरमधून ५ व्होल्टला, पिन ५ दुसऱ्या रेझिस्टरमधून बोर्डच्या टीएक्स (संदेश पाठवायच्या) पिनला, पिन २ ग्राउंडला. सॉकेटमध्ये पिना ओळीनं १, ४, २, ५, ३ अशा असतात, सरळ मोजत गेलात तर चुकाल. सॉकेटवर कोरलेले आकडे भिंगातून वाचा. ४ आणि ५ ची अदलाबदल झाली तर काहीच वाजत नाही.

प्रोग्राममध्ये ८ ते ४० सेंटिमीटर एवढाच पट्टा घ्या आणि तो ० ते १२७ मध्ये बसवा. हात नसला की हा सेन्सर ८१९० सारखा मोठा आकडा देतो. तो आकडा आला की पाचव्या पायरीत ठरवलेली 'हात नसताना'ची किंमत पाठवा. ही ओळ लिहायची राहिली तर हात काढल्यावर आवाज मध्येच अडकून बसतो. प्रत्येक नवी मोजणी थेट पाठवू नका: जुन्या किमतीचे ०.७ आणि नव्या मोजणीचे ०.३ मिळवून पाठवा. तीन मोजण्यांत, म्हणजे एक दशांश सेकंदात, किंमत सुमारे दोन तृतीयांश पोचते आणि खरखर जाते. किंमत बदलली असेल तरच संदेश पाठवा. पहिल्या चॅनलसाठी संदेश तीन आकड्यांचा: १७६, सीसी क्रमांक, किंमत. पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका संदेशाला सुमारे १ मिलिसेकंद. उशीर वाटला तर दोष केबलचा नसतो, सेन्सरचा किंवा तुमच्या सरासरीचा असतो.

सॉकेट बसवण्याआधी एक परीक्षा घ्या. बोर्ड ओटीजी केबलनं मोबाईलला लावा आणि कुठल्याही सिंथ अॅपमध्ये सीसी ७४ हलतो का ते बघा. तिथे चाललं तर सेन्सर आणि प्रोग्राम ठीक आहेत.

मग कीबोर्ड. अनेक घरगुती मॉडेलांना पाच पिनांचा मिडी सॉकेट नसतोच, फक्त संगणकाला जोडायचा यूएसबी असतो. त्यात प्रो मायक्रो थेट लावून उपयोग नाही, दोघंही समोर संगणक असेल असं धरून बसतात. मध्ये लॅपटॉप किंवा मोबाईल हवा. आणि सॉकेट असला तरी बऱ्याच अरेंजर (स्टाइल वाजवणाऱ्या) कीबोर्डांत बाहेरून आलेला संदेश आतल्या १६ चॅनलच्या सुरावटीला लागतो, तुम्ही पट्ट्यांवर वाजवत असलेल्या आवाजाला लागेलच असं नाही. भाग विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये मिडी रिसीव्हचं पान वाचा. लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण आली तर चार्जर काढून बघा, तो ग्राउंडचा लूप (दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या ग्राउंडमुळे येणारा आवाज) असतो.

सेन्सर डावीकडेच बसवला पाहिजे असं काही नाही. तुमचा जो हात मोकळा राहतो त्या बाजूला, दुहेरी टेपनं, काढता येईल असा लावा.

१०. कार्यक्रमाच्या दिवशी

वाद्य चालू करण्याआधी खिडकी पुसा. दिवे लागल्यावर टेपनं पल्ला पुन्हा मोजा आणि वहीतल्या घरच्या आकड्यांशी ताडा. डी-बीमचं बटण फक्त त्या तुकड्यापुरतं लावा. बंद करताना आधी हात काढा, मग बटण दाबा. हात खिडकीवर असताना बटण बंद केलं तर काही वाद्यांत शेवटची किंमत तशीच राहते, आणि पुढचं गाणं अर्ध्या आवाजात सुरू होतं. तसं झालंच तर बटण पुन्हा लावा, हात दूर ठेवा आणि बंद करा. तेवढ्यानं सुटलं नाही तर पॅच दुसऱ्यावर नेऊन परत आणा.

सोबतच्या साउंडवाल्याला सांगून ठेवा की अमुक गाण्यात कीबोर्ड मुद्दाम मागे जाणार आहे. नाहीतर तुम्ही तळवा खाली आणाल तेव्हा तो मिक्सरवरचा कीबोर्डचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करेल.